बाहेरकाठ्याच्या अलीकडे-पलीकडे : खारेपाटातल्या नोंदी

१२ जानेवारी २०२४

काल अमावास्या झाली, आज प्रतिपदा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते, हे रायगडातल्या धरमतर खाडीच्या काठावर शाळकरी पोरालाही येतं. म्हणजे आज पूर्ण भरती पाऊणच्या सुमारास, आणि त्याआधीची ओहोटी सकाळी साडेसहा-सातला. आम्ही चौघं उजाडताच बाहेरकाठ्यावर चढलो. बरोबर गावातले नाना होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, पायात चप्पल नाही, हातात काठी.

प्रकल्पाच्या कागदावर आमचं काम ‘किनारी हवामान अनुकूलनासाठी निसर्गाधारित उपाय’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात अंबा नदीच्या मुखाकडचं एक गाव, त्याचा साधारण तीन किलोमीटरचा मातीचा बांध, बांधाआडची भातशेती, घरोघरची जिताडा माशाची तळी, आणि बांधाबाहेरचा चिखल. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, दोन बांध असतात. खाडीचं पाणी अडवतो तो बाहेरकाठा, आणि त्याच्या आत शेतांजवळचा आतकाठा. बांधात मध्येमध्ये उघाड्या, म्हणजे झडपेची दारं. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे उघाडीचं काम. झडप बाहेरच्या बाजूला उघडते आणि भरतीच्या दाबानं आपोआप मिटते. ना वीज लागते, ना पंप.

तीन किलोमीटर चालायला आम्हाला चार तास लागले, कारण नाना दर वीस पावलांवर वाकत होते. खेकड्यांची बिळं. मी मोजायला घेतली आणि दीडशेनंतर सोडून दिली. तीन उघाड्यांपैकी एकीची झडप कुजली आहे, दुसरीत ओंडका अडकून ती कायमची अर्धी उघडी. जिथं बांधासमोर तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, पट्टा आहे तिथं बांधाचा पाया शाबूत दिसला. जिथं पट्टा नाही, त्या मधल्या चारेकशे मीटरमध्ये खाडीनं पायथा आतून कोरलाय. मालवाहू बार्जांच्या लाटा तिथंच येऊन आपटतात.

२७ जानेवारी

देवळात बैठक. मी आराखडा दाखवला : कोरलेल्या भागासमोर कांदळाची (हीही खारफुटीच) रोपं, तीन वर्षं निगा, मग पट्टा तयार. लोकांनी ऐकून घेतलं. मग एका तरुणानं विचारलं, “तिवरं वाढली की जमीन वनखात्याची होईल ना?” त्याचा प्रश्न मला कोड्यात टाकणारा नव्हता. खारेपाटात हाच पहिला प्रश्न असतो.

मी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायचा प्रयत्न केला. बांधाबाहेरची तिवरं ही ढाल आहेत. बांधाच्या आत, भाताच्या खाचरात उगवलेली तिवरं म्हणजे कधीतरी बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली आणि ती कुणी वेळेवर बुजवली नाही, याची खूण. झाड तेच, फक्त काठा बदलला. पटलं की नाही कळलं नाही.

नंतर नानांनी ‘जोळ’ हा शब्द काढला. पूर्वी उधाणाच्या आधी घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन बांधावर जायचा. बीळ दिसलं की तिथल्या तिथं बुजवायचं. जो आला नाही त्यानं दंड भरायचा. याला जोळ म्हणत. अठराव्या शतकात इथले बरेच बांध घातले गेले तेव्हा निगा बांध घालणाऱ्या शिलोत्रीदार जमीनमालकांकडे आणि कुळांकडे होती. अलिबाग तालुक्यातल्या चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली याच खारेपाटानं जमिनी पडीक ठेवल्या, आणि कूळ कायद्याची वाट तिथून निघाली. जमीन कसणाऱ्याची झाली, हे योग्यच झालं. मात्र पुढे १९४८ च्या आणि मग १९७९ च्या खारभूमी कायद्यानं बांधांची जबाबदारी सरकारी यंत्रणेकडे गेली. बांध ‘योजनेतला’ झाला, अंदाजपत्रकाची वाट बघू लागला. आणि खेकडा काही अंदाजपत्रकासाठी थांबत नाही.

आज माझ्या आराखड्यात जोळ नावाचा रकाना नाही. रोपांसाठी पैसे आहेत, बिळांसाठी नाहीत.

११ फेब्रुवारी

रविवार, माघ शुद्ध द्वितीया. सकाळी सातच्या ओहोटीला कोरलेल्या भागासमोर खुणेच्या काठ्या रोवायला उतरलो. मांडीपर्यंत चिखल. पंधरा मिनिटांत पाच-सहा बायका आल्या, कमरेला पिशव्या. त्या निवट्या धरायला आल्या होत्या. निवटी म्हणजे चिखलावर उड्या मारणारा, बिळात राहणारा मासा. बीळ ओळखून त्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि निसटायच्या आत पकडायची. बाजारात तिला चांगला भाव आहे, आणि हे पैसे बायकांच्या स्वतःच्या हातात राहतात.

थोरल्या काकींनी आमच्या काठ्या बघितल्या आणि सरळ म्हणाल्या, “ताई, ती जागा मोकली नाय. आमचं बाजाराचं पैसं हाईत ते चिखलान. झारा लावल्याव निवट्या कुठं जातील?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. नकाशावर ती जागा ‘रिकामा चिखल’ म्हणून दाखवली होती. मीच दाखवली होती. माझं बालपण पेणच्या खारेपाटात गेलं, आईच्या हातचं निवट्यांचं कालवण खाऊन मी वाढले, आणि तरी नकाशा रंगवताना मला तो चिखल रिकामा वाटला. याची मला मनापासून लाज वाटली.

काठ्या उपटून परत आणल्या.

१४ फेब्रुवारी

निधी देणाऱ्यांना लांब पत्र लिहिलं. जागा बदलायची आहे, रोपांची संख्या कमी करायची आहे, आणि बांधाच्या निगेसाठी पैसे वळवायचे आहेत.

कारणं निवट्यांपुरती नाहीत. ओहोटीच्या रेषेजवळच्या खोल चिखलात तिवर आपणहून उगवत नाही, कारण दिवसातला बराच काळ तो भाग पाण्याखाली असतो आणि मुळांना श्वास घेता येत नाही. फिलिपाईन्समध्ये दशकानुदशकं अशाच मोकळ्या चिखलावर कांदळ लावलं गेलं. लावायला सोपं, फोटोला चांगलं, पण बहुतेक रोपं मेली. दीर्घकाळात १० ते २० टक्केच टिकली. कांदळवन पुन्हा उभं करायचं तर आधी पाण्याची आणि गाळाची सोय लावायची, बी खाडीच आणून देते, हा धडा तिथून मिळाला.

म्हणून नवा विचार : बांधाच्या अगदी पायथ्याशी, भरतीच्या वरच्या पट्ट्यात, बांबू रोवून त्यांच्यात सुरूच्या फांद्या भरायच्या. एक झिरपती वई, म्हणजे कुंपण. भरतीचं पाणी आत येईल, लाट मोडेल, पाणी शांत झालं की गाळ खाली बसेल. गाळ पुरेसा वर आला की तिवराच्या बिया तिथं अडकतील. इंडोनेशियात जावा बेटावर डेमाकच्या किनाऱ्यावर असं काम मोठ्या प्रमाणावर झालंय. तिथं बांबूला किडे लागले आणि खाली जमीनच खचत होती, म्हणून यश अर्धंमुर्धं राहिलं. हेही पत्रात लिहिलं. लपवून काय करायचं?

एक आकडाही लिहिला, कारण तो चुकीच्या पद्धतीनं वापरला जातो. शंभर मीटर रुंद कांदळवनातून जाताना लाटेची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी होते, असं अभ्यास सांगतात. आमच्याकडे शंभर मीटर जागा नाही, दहा-पंधरा मीटर मिळेल. शिवाय झाडं लाट मोडतात, उधाणाच्या पाण्याची पातळी खाली आणत नाहीत. त्यासाठी बांधाची उंची लागतेच. तिवर बांधाच्या जागी उभं राहू शकत नाही, ते बांधाचं आयुष्य वाढवतं.

४ मार्च

मंजुरी आली. निम्मी. रोपांचे पैसे वईला वळवता येतील, निगेच्या मजुरीला नाही. म्हणजे जोळ लोकांनीच उभी करायची.

१७ मार्च

अष्टमी, भांगाचं पाणी. बांधाच्या पायथ्याशी काम करायला हेच दिवस बरे, भरती अर्ध्यावरच थांबते. सकाळी नऊ ते दुपारी तीन असे सलग तास मिळाले. बांबू दोन रांगांत, मध्ये सुरूच्या फांद्या दाबून भरल्या आणि काथ्यानं बांधल्या. तिवराची एकही फांदी तोडली नाही. कायदा तर आहेच, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं कांदळवन तोडीवर राज्यभर बंदी घातली, पण मुळात ढाल करायला ढालच कशी तोडायची?

कोळीवाड्यातून दोघं बघायला आले. होड्या लावायची त्यांची जागा वईच्या मधोमध येत होती. तिथं बारा फूट मोकळे सोडले.

२४ एप्रिल

ही नोंद रात्री दीड वाजता लिहितेय.

पौर्णिमा पहाटे संपली, चैत्र वद्य प्रतिपदा, मोठं उधाण. दुपारी भरती ओसरताना नानांचा नातू धावत आला : बांधातून पाणी येतंय. आत, शेताच्या बाजूला, बोटभर धार. मला ती किरकोळ वाटली. नानांनी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, “निवल आला त चालंल, गढूल आला त धावा.” ओंजळीतलं पाणी गढूळ होतं. स्वच्छ पाणी झिरपलं तर माती जागेवर असते. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून वाहून चाललाय. पुढची भरती रात्री एकला. तोवर बुजलं नाही तर सकाळी खांड.

देवळाची घंटा वाजवली. वीस मिनिटांत तीसेक माणसं, निम्म्या बायका, थोरल्या काकी सर्वांत पुढे. मी बाहेरच्या तोंडात मातीची गोणी कोंबायला निघाले होते, मला थांबवलं. बीळ तोंडाशी बुजवून उपयोग नसतो, पाणी बाजूनं नवी वाट काढतं. बाहेरच्या बाजूनं बांध खणत खणत बिळाचा तळ गाठायचा, मग खालून वर चिखलाचा थर, त्यावर पेंढा, पुन्हा चिखल, प्रत्येक थर पायांनी तुडवायचा. चिखल आतल्या बाजूनं आणायचा. बाहेरून खणला तर बांधाचा पायथा सुटतो. साडेसहाला पूर्ण ओहोटी होती, अंधार पडल्यावर गॅसबत्त्या आणि मोबाइलचे दिवे. बायकांची रांग, घमेली हातोहात. पावणेअकराला वरचा थर तुडवून झाला.

एक वाजता आम्ही सगळे बांधावर बसून पाणी चढताना बघत होतो. चढलं, बांधाच्या माथ्याखाली हातभर राहिलं, थांबलं. आत कोरडं. कुणी काही बोललं नाही. कोणीतरी चहा आणला.

हे सगळं घडलं तो भाग वईचा नाही. तिथं जुनी तिवरं उभी आहेत, दाट. झाडं होती तरी बांध आतून पोखरला होता.

२८ एप्रिल

रविवारच्या बैठकीत कुणीही न सुचवता जोळीचा विषय निघाला. चार आळ्या, दर उधाणाला एकेका आळीची पाळी, घरटी एक माणूस. वही थोरल्या काकींकडे. दंड ठरवायचा नाही असं त्यांनीच सांगितलं : जो येणार नाही त्याचं नाव वहीत राहील, पुरे.

५ जून

पर्यावरण दिनाला रोपं लावण्याचा कार्यक्रम करा, असा निरोप आला होता. केला नाही. त्याऐवजी कुजलेल्या उघाडीची झडप बदलली. सागाची फळी, खाली रबराची पट्टी. फोटो पाठवला.

२ जुलै

पाऊस लागला. खारजमिनीत पहिल्या पावसाचं महत्त्व वेगळंच. उन्हाळ्यात खालचं मीठ मातीच्या बारीक नळ्यांतून वर येतं, मेमध्ये खाचरं पांढरी दिसतात. पाऊस ते मीठ विरघळवतो आणि उघाडीतून ओहोटीला बाहेर सोडतो. हे धुणं नीट झालं तरच भात. झडप बदलल्याचा फरक आता दिसतोय, आत कोंडलेलं पाणी दोन ओहोट्यांत निघून जातंय. बियाणं पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं काढलेल्या पनवेल जातींचं, मोड आणून रहू पद्धतीनं फेकलं. दोन घरांनी हट्टानं जुना राता भात पेरलाय. त्यांना मी अडवलं नाही, त्या बियाण्यालाही इथल्या खाऱ्या मातीची पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे.

संध्याकाळी उघाडीपाशी पोरं जिताड्याची पिल्लं शोधत होती. बोटाएवढी, तपकिरी, नाकापासून पाठीपर्यंत पांढरा पट्टा, त्यावरून ओळखतात. जिताडा जन्मतो समुद्राच्या तोंडाशी, पिल्लं पावसाळ्यात गोड्या पाण्याकडे चढतात, आणि खारेपाटातला माणूस त्यांना तळ्यात सोडतो. मासा आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणून मोठाले जिताडे सगळे खाऊन टाकले तर खाडीत अंडी घालणारंच कुणी उरणार नाही. हे मी सांगितलं तेव्हा पोरं हसली, नाना मात्र हसले नाहीत.

पिल्लं पूर्वीसारखी मिळत नाहीत, हे सगळेच सांगतात. चेन्नईच्या निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेनं १९९७ मध्ये जिताड्याचं कृत्रिम प्रजनन साध्य केलं, तेव्हापासून उबवणुकीचं बी मिळू शकतं. चार तळ्यांसाठी ते मागवलंय. मोठं पिल्लू छोट्याला गिळतं, त्यामुळे दर काही दिवसांनी आकारानुसार वेगळी करावी लागतात. हे काम बचत गटानं घेतलंय.

२२ जुलै

गुरुपौर्णिमेचं उधाण आणि धो धो पाऊस एकत्र. भरतीला उघाड्या बंद, आत पाणी चढतंय. तळ्यांनी निम्मा भार घेतला. एका तळ्याचा काठ फुटला, वर्षाचे मासे गेले. ते घर गप्प आहे.

वईचा साठ फूट तुकडा बार्जांच्या लाटांनी वाकवला. संबंधितांना वेग कमी करण्याबद्दल पत्र दिलं होतं. उत्तर नाही.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. जून-जुलैची बंदी संपून समुद्रातल्या होड्या केव्हाच गेल्या, पण नारळ आज. कोळीवाड्यात बोलावलं होतं. खाडीत बोक्षी जाळी लावणारे काका म्हणाले की वईजवळ बारीक कोळंबी दिसतेय. एका हंगामावरून मी काही लिहिणार नाही. इतकंच की त्यांनी ती आपणहून सांगितली. होड्यांची बारा फूट वाट गाळानं भरते आहे, ती उकरायला जोळीतून माणसं द्यायचं ठरलं.

२० सप्टेंबर

गणपती गेले, चिखलात उतरलो. वईआड घोट्याएवढा नवा गाळ. आणि त्यात तिवराची रोपं. आम्ही न लावलेली. जाड, हिरव्या, घडी घातल्यासारख्या बीजपत्रांची जोडी आणि मध्ये दोन पानं. दहा मीटर लांबीच्या पट्ट्यात छत्तीस मोजली. वाकलेल्या तुकड्याआड एकही नाही. थोरल्या काकी वरून बघत होत्या. खालच्या चिखलात त्यांच्या निवट्यांची बिळं जशीच्या तशी.

किती जगतील ते पुढच्या पावसाळ्यानंतर कळेल.

१८ ऑक्टोबर

कोजागिरीला माहेरी गेले होते. आज वडिलांबरोबर आमच्या शेताकडे चालत गेले, कितीतरी वर्षांनी. दोन एकर. खांड पडली तेव्हा मी सातवीत होते. आधी एक बीळ, मग धार, मग अर्ज, मग पाहणी, मग पुढच्या वर्षीचं उधाण. आता तिथं तिवरांचं रान आहे, माझ्या दुप्पट उंच, खाली मारांडीची झुडपं, वर बगळे. सातबाऱ्यावर अजून भातशेती. वडील म्हणाले, “चांगलं वाढलंय.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मला जास्त त्रास झाला.

ती झाडं तोडा असं मी म्हणणार नाही. तीस वर्षांत तिथं जे उभं राहिलं ते खरं कांदळवन आहे. पण त्याची किंमत एका घरानं एकट्यानं भरली. राज्य सरकारची २०१७ पासूनची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना खेकडे, कालवं, पिंजऱ्यातला जिताडा यांसाठी सामूहिक गटांना ९० टक्के अर्थसाहाय्य देते. आमच्या त्या शिवारातल्या अकरा घरांची नावं लिहून आणली आहेत, सगळी बुडीत जमिनीवाली. अर्ज मी करणार. चिखली खेकड्याला आठ-नऊ महिने लागतात आणि तो एकमेकांना खातो, कौलांचे तुकडे, पाइप टाकून लपायला जागा द्यावी लागते. वडिलांनी विचारलं, “खेकडे? ज्यांनी बांध फोडला तेच?” मी हो म्हटलं.

३० नोव्हेंबर

भात कापून झालं. मधल्या चारशे मीटरमागच्या खाचरांत, जी तीन वर्षं पडीक होती, यंदा कापणी झाली. उतारा बांधाजवळ कमी, आतकाठ्याकडे बरा. राता पेरलेल्या दोन घरांचं पीक अंगावर पाऊस येऊनही उभं राहिलं. पुढच्या वर्षी बियाण्यासाठी त्यांच्याकडे रांग लागेल.

निधी देणाऱ्यांना अहवाल : लावलेली रोपं शून्य. या ओळीवर त्यांचा फोन येईल, माहीत आहे. खाली जोडलंय : वई ३६० मीटर, एक झडप, वर्षभरात बुजवलेली बिळं (काकींच्या वहीतून, आळीवार), एक टळलेली खांड. पुढच्या वर्षासाठी एकच मागणी, निगेचा रकाना.

बांबू तपासले. खालच्या टोकांना किडीची भोकं दिसू लागलीत. जानेवारीच्या भांगात एक रांग बदलायची.

१२ डिसेंबर

१५ ला पौर्णिमा. पाळी खालच्या आळीची. भरती साडेअकरा-बाराला, म्हणजे पहाटे साडेपाचच्या ओहोटीला देवळापाशी जमायचं. फावडी बारा आहेत, घमेली नऊ, दोन फुटकी. पेंढा नानांच्या खळ्यावरून. दुसऱ्या उघाडीतला ओंडका यावेळी काढायचाच, दोर मी आणते.